नुरा

माशी वरच्या ओठावर येऊन बसली तेव्हा सम्राटनं डावा हात उचलला, आणि तो अर्ध्या वाटेतून परत मांडीवर पडला. एवढंच झालं. सकाळची वेळ होती, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घराचं दार रस्त्यावर उघडं होतं, समोरून किटल्या लावलेली दूधवाल्याची मोटारसायकल खडखडत गेली, आत मोठी बहीण क्रांती शाळेत शिकवायला जायच्या घाईनं डबा भरत होती, आणि माशी ओठावरून नाकपुडीकडे आपल्या सवडीनं चालली होती. सम्राटनं हाताकडे पाहिलं. मान मोडल्यापासून छातीखालचं सगळं अंग त्याच्या हुकमाबाहेर गेलेलं. बोटंही गेलेली. पण खांदे आणि दंड त्याचे होते. हात वर जायचा, तोंड पुसायचा, तळव्यानं खुर्चीचं चाक रेटायचा, आणि जे उरलंय ते आपलं, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. आता तो हात मांडीवर पडला होता, आणि मांडीला काही कळत नसल्यामुळे तो पडला हे नुसतं डोळ्यांनाच कळलं होतं. पुन्हा उचलावा का? उचलला आणि पोचला, तर झोपेत अवघडला होता म्हणता येईल. उचलला आणि नाही पोचला, तर मग काहीच म्हणता येणार नाही. त्यानं ओठ वाकडा करून फुंकर मारली आणि माशी उडवून लावली.

क्रांती डबा घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाजणारा फोन होता. उदयसिंहचा. उदयसिंह म्हणजे त्यांच्या व्हीलचेअर रग्बीच्या संघाचा कप्तान, कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर नोकरीला. त्याचीही मानच मोडलेली, पण एक मणका खाली, म्हणून त्याला बोटांची थोडीफार पकड होती आणि त्या पकडीचा थोडा ताठाही होता. क्रांतीनं स्पीकर लावून फोन सम्राटच्या कानाजवळ धरला. “ऐक लका,” उदयसिंह म्हणाला, “रविवारी तपासणी हाय. बाई तीच हाय, गेल्या सालची. ह्या टायमाला पैलवानकी दावू नगंस, पाया पडतो तुझ्या. हात ढिल्ला सोड. एक कुस्ती नुरा कर म्हंतोय मी, एकच.” सम्राटची नजर मांडीवरच्या हातावर होती. “ऐकायलास न्हवं?” “ऐकतोय की.” “मग?” “बघू.” “बघू काय बघू. तू न्हाईस तर आमी खेळून काय दिवं लावणार हाय?” हे शेवटचं खोटं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्याच्याशिवायच ते गेलं वर्षभर खेळत होते, आणि बरे खेळत होते.

नुरा हा शब्द कोल्हापुरात कुणी हलक्या आवाजात उच्चारत नाही. उच्चारला तर तोंडावर फेकून मारायलाच. आधीच ठरवून हरायची कुस्ती म्हणजे नुरा. हजारो माणसं उन्हातान्हात मैदानाभोवती बसलेली, हलगी वाजतेय, आणि दोन पैलवान एकमेकांना घामाघूम करायचं सोंग करताहेत. लोकांना ते बरोबर कळतं. चपला येतात. सम्राटचे वस्ताद बाळासो, ज्यांच्या तालमीत तो वयाच्या अकराव्या वर्षी उतरला, त्यांनी विजयसिंह नावाचा आपला सगळ्यात तयार पठ्ठ्या एका नुऱ्यापायी हाकलून लावला होता. त्याचा लंगोट खुंटीवरून काढून भर रस्त्यात भिरकावला होता. सम्राट तेव्हा कोवळा होता, आखाड्याच्या हौदाच्या काठावर बसून अंगाची माती खरवडत होता. “हरून ये, मी दूध पाजतो,” वस्ताद त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाले होते, “पर नुरा करून आलास तर माझ्या म्होरं येऊ नगंस.” आणि दूध ते खरंच पाजत. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी यायच्या, धार काढतानाच पेला पुढं धरायचा, फेस नाकाला लागायचा. सम्राटचा बाप कारखान्याच्या भट्टीवर राबणारा, घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पोरांना उभं करून ‘शिका’ म्हणणारा. त्याला हे कुस्तीचं वेड फारसं पसंत नव्हतं. पण पोरगा वस्तादांच्या घरच्या म्हशीचं दूध वस्तादांच्याच पेल्यातून पितो, हे एकदा त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानंतर तो कधी काही बोलला नाही.

क्रांती गेली. दाराशी ऊन आलं. ती जाताना त्याला नेहमीसारखं उंबऱ्यापाशी आणून ठेवून गेली होती, म्हणजे रस्ता दिसतो, येणारा-जाणारा ‘काय पैलवान’ म्हणतो, वेळ जातो. वेळ जाण्यासाठी माणसाला दारात ठेवायचं ही कल्पना क्रांतीची नव्हे, साऱ्या गल्लीची. सम्राटला क्रांतीचा राग यायचा आणि मग तिनं स्वतःच्या लग्नाचा विषय घरात कसा बंद करून टाकला ते आठवून रागाचीच लाज वाटायची. आजही त्याला तो राग आला, पण हात मांडीवर तसाच पडलेला होता आणि रागापेक्षा त्याच्याकडेच लक्ष जात होतं. मध्येच त्याला मलकापूरच्या आण्णांची आठवण आली. ती यायला नको होती. मान मोडल्यावर पहिले काही महिने दवाखान्यात शेजारच्या खाटेवर आण्णा होते, फणसावरून पडलेले, त्याच्या आधी कित्येक वर्षांपासून खुर्चीत, पुन्हा कशासाठी तरी भरती झालेले. मोठे बोलके. एका दुपारी ते छताकडे बघत म्हणाले, “पोरा, वर चढायलंय रं.” काय चढतंय, सम्राटनं विचारलं. “ह्येच. जे खाली हाय त्येच. आधी कमरंला हुतं, मग छातीला आलं. आता हात म्हंतोय, मी बी जातो.” डॉक्टर म्हणत होते मणक्यात पाणी साचतंय, कुणाकुणाला साचतं, वर्षांनी साचतं. आण्णांचे हात गेले, मग आवाज बारीक झाला, मग एका सकाळी त्या खाटेवर स्वच्छ चादर होती. सम्राटला त्या वेळी त्यांचं फार वाईट वाटलं नव्हतं. तो नवा होता, आपण चालत घरी जाणार अशा खात्रीत होता, आणि असल्या म्हाताऱ्याच्या शेजारी आपल्याला का ठेवलंय म्हणून तो क्रांतीवर चिडला होता.

मान मोडली तीही मलकापूरकडच्याच एका जत्रेच्या मैदानात. त्याच्या हातून चूक झाली नव्हती, हे वस्ताद अजून चारचौघांत सांगतात, जणू ते सांगितल्यानं मणका सांधणार आहे. ढाक लावली, डाव बसला, समोरचा उचलला गेला आणि मध्येच ढिला पडला, आणि दोघांच्या वजनाखाली सम्राटचं डोकं आधी मातीत गेलं. तोंडात माती होती. हलगी वाजत होती. उठायचं आहे हे त्याला कळत होतं, आणि कुणीतरी आपल्यावरून अंग काढून घेतलंय, माझंच अंग काढून घेतलंय, असं वाटत होतं. नंतर घरी आणल्यावर सत्कार सुरू झाले. हे एक कोल्हापूरचं नवल. जिंकलेल्याचा करतात तसाच मोडलेल्याचाही सत्कार करतात. शाल, फेटा, नारळ. नारळ हातात देत, मग लक्षात येई की याला धरता येत नाही, मग मांडीवर ठेवत, आणि भाषण सुरू असताना तो नारळ घरंगळून व्यासपीठाच्या कडेला जाई. जिद्द हा शब्द त्यानं इतक्या वेळा ऐकला की तो कानाला शिवी वाटू लागला. पण त्याच सुमारास एका शिबिरात त्यानं व्हीलचेअर रग्बी पाहिली आणि त्याचं सगळं अंग, म्हणजे उरलेलं अंग, जागं झालं. चार माणसं या बाजूला, चार त्या बाजूला, सगळ्यांचे हातही अधू, चेंडू मांडीत घेऊन पलीकडची रेघ ओलांडायची, आणि आडवा येईल त्याच्यावर खुर्ची नेऊन घालायची. लोखंडावर लोखंड आदळल्याचा तो आवाज! त्यांनी त्यालाही एका खुर्चीत बसवून आत घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला धडक दिली. तोपर्यंत सगळे त्याला काचेच्या भांड्यासारखे उचलत होते.

कोल्हापुरात हा खेळ त्यानंच आणला. आधी कुणी नव्हतं. कागलच्या एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या वेल्डरकडून त्यानं पहिली खेळाची खुर्ची करून घेतली, चाकं तिरकी, पुढं बैलगाडीच्या जूसारखा लोखंडी दांडा. हातमोज्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे शिवून घेतले, म्हणजे बोटांशिवायही चाक रेटता येतं. उदयसिंहला त्यानंच शोधून काढलं, घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. राज्याच्या संघात आणि मग देशाच्या शिबिरात गेलेला या भागातला सम्राटच पहिला. या खेळात तपासणी करणारे प्रत्येक खेळाडूला अंक देतात. अंग जितकं जास्त गेलेलं तितका अंक लहान, आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज आठाच्या वर जाता कामा नये. त्यामुळे लहान अंकाचा आणि मोठ्या काळजाचा माणूस म्हणजे सोनं. सम्राटचा अंक होता एक. एकाचा माणूस तीनाच्याला अडवून धरतो, असं बाहेरच्या गावचे लोक त्याच्याविषयी बोलायचे, आणि ते ऐकलं की त्याला शाल-नारळापेक्षा बरं वाटायचं. जगात त्याची अशी एवढी एकच किंमत होती, आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं घालवली.

गेल्या वर्षीची ती तपासणी. बाई पुण्याच्या होत्या, शांत, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी आपले तळवे सम्राटच्या तळव्यांना लावले आणि म्हणाल्या, ढकला मला. आता हे साधं वाक्य. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं दंडातलं असेल तेवढं बळ लावलं असतं, नसेल तिथं हात खाली पडू दिला असता, आणि गोष्ट संपली असती. पण तळव्याला तळवा भिडला आणि सम्राटला खडाखडी आठवली. कुस्तीच्या सुरुवातीला दोघं एकमेकांच्या हाताला हात लावून जोर अजमावतात ती. तिथं मागं हटायचं नसतं, हे त्याला तालमीत सगळ्यात आधी शिकवलेलं. त्यानं खांदा पुढं टाकला, वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे कोपर बांधलं, म्हणजे खांदा बाहेरून फिरवून कोपर असं अडकवायचं की दंडाच्या मागच्या बाजूला बळ नसतानाही हात सळईसारखा ताठ होतो, आणि बाई खुर्चीसकट मागं सरकल्या. “ताकद आहे हो तुमच्यात,” त्या हसून म्हणाल्या. असं कुणीतरी म्हणून किती वर्षं झाली होती! त्यानं दुसऱ्या हातानंही तेच केलं. नको होतं ते सगळं दाखवलं. घरी येताना तो गाडीत गुणगुणत होता. मग निकाल आला: दोन. एकाचा दोन झाला. अंगात काडीचाही फरक पडलेला नव्हता, खेळायला तो पूर्वीचाच एकाचा होता, पण बेरजेत दोनाची जागा खात होता. उदयसिंह तीनाचा, दुसरा एक अडीचाचा, तिसरा दीडाचा. कसंही मांडलं तरी सम्राटला धरून बेरीज आठात बसेना. पहिले काही दिवस सगळे हळहळले, नंतर त्याला कडेला बसवून खेळू लागले, आणि आता त्याच्याकडे पाण्याचा फवारा असायचा. मानेखाली घाम येत नसल्यामुळे खेळताना पोरं तापतात, त्यांच्या तोंडावर पाणी मारायचं. तेही क्रांती मारी, कुणाला मारायचं तेवढं तो सांगे.

यंदाच्या स्पर्धा कोल्हापुरात होत्या. त्यानंच अर्ज-विनंत्या करून आणलेल्या. आपल्या गावात, आपल्या मैदानावर कडेला बसून त्या बघायच्या, किंवा रविवारी त्या बाईंपुढं हात ढिला सोडायचा. पुन्हा दोन आला तर अंक कायमचा ठरणार होता, पुढं तपासणी नाही. म्हणजे खेळ संपला आणि दार, उंबरा, ऊन, ‘काय पैलवान’ एवढंच राहिलं.

संध्याकाळी क्रांती आल्यावर त्यानं सकाळच्या फोनचा विषय काढला. ती भाकरी थापत होती, तिनं परातीतले हात धुतले आणि त्याच्यासमोर पाट घेऊन बसली. “मग सराव करू या की,” ती म्हणाली. मास्तरीणबाई, कुठल्याही गोष्टीचा सराव करता येतो असा तिचा विश्वास. तिनं ओले तळवे त्याच्या तळव्यांना लावले. “हां. आता खोटा जोर लाव. तोंड मात्र खऱ्यासारखं कर.” त्यानं तोंड केलं. ती हसली, तोही हसला, घरात बऱ्याच दिवसांनी हसू झालं. “तोंड लई वाकडं झालं. पोटात कळ आल्यागत दिसतंय.” त्यानं पुन्हा केलं. हात सोडून द्यायचा, नुसता खांदा जरा थरथरवायचा, श्वास रोखायचा. “जमतंय की,” ती म्हणाली, “कुणालाबी खरंच वाटंल.” मग उठता उठता तिनं सहज म्हटलं, “एकदा खरा लावून दाव, म्हंजे फरक कळंल.” सम्राट म्हणाला, “नगं. मान दुखायल्या.” ती भाकरीकडे गेली. मान दुखत नव्हती. सकाळपासून त्यानं खरा जोर कशालाच लावला नव्हता. चहाचा कप क्रांतीनं धरला होता, खुर्ची दारातच होती, आणि हा नुरा करायचा ठरला तर खरा जोर लावायची वेळच येणार नव्हती. किती उरलाय हे बघावं लागणार नव्हतं. नुऱ्यात ही एक सोय असते, पैलवानाला आपण खरंच हरलो असतो का ते कधीच कळत नाही. त्या विचाराचा त्याला आधार वाटला आणि आधार वाटला याची किळस आली. परातीवर भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला.

रविवारी स्टेडियमच्या हॉलबाहेर गर्दी होती. बाहेरगावचे संघ आले होते, खुर्च्यांच्या चाकांचा नव्या फरशीवर चर्र आवाज होत होता. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं म्हणून उद्घाटनाचा नारळ फोडायला बाळासो वस्तादांना बोलावलं होतं. ते लवकरच येऊन बसले होते, पांढरं धोतर, फेटा, गुडघे सुजलेले, दोन्ही कान कुस्तीत चुरगळून कळीसारखे मिटलेले. सम्राटला बघून त्यांनी त्याच्या मानेमागं हात ठेवला, मोडल्या जागीच, आणि बराच वेळ ठेवला. “काय चाललंय?” “तपासणी हाय, वस्ताद.” “कसली?” सम्राटच्या आधीच उदयसिंह मोठ्यानं बोलला, “आज ह्याचा नुरा हाय, वस्ताद. हात ढिल्ला सोडायचा हाय. तुमीच सांगा ह्याला, ऐकंल.” पोरं हसली. कोल्हापुरात माणसं गुपितही हाळी दिल्यासारखं सांगतात. वस्तादांचा हात मानेवरून निघाला. त्यांनी नुसतं सम्राटकडे पाहिलं, आणि मग आतून त्याचं नाव पुकारलं गेलं.

आत क्रांतीला येऊ दिलं नाही. खोलीत एक टेबल, बाई, त्यांच्यासोबत एक लिहून घेणारा. बाईंनी ओळखलं. “या, कोल्हापूरचे पैलवान ना तुम्ही?” त्यांनी खांदे तपासले, मनगटं तपासली, काहीबाही विचारलं. सम्राट ठरवल्याप्रमाणे चालला होता. ढिलं सोडायचं. खांदा थरथरवायचा. श्वास. मग बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि आपले तळवे त्याच्या तळव्यांना लावले. कोमट, कोरडे तळवे होते. “ढकला मला,” त्या म्हणाल्या, आणि त्याला दिसलं की त्यांनी आपला एक पाय मागं टेकवून ठेवलाय, गेल्या वर्षीची आठवण ठेवून, आपण सरकू नये म्हणून. त्या पायाकडे बघून त्याला रडू यायला झालं. ही बाई त्याच्याशी लढायला बसली होती. मानेमागं वस्तादांचा हात होता ती जागा गरम होती. त्याला नुरा जमेना. जमेना म्हणजे काय, नकोच झाला. होऊ दे दोन, जाऊ दे खेळ, बसू कडेला, पण हे नको, असं त्याच्या मनानं एकदम घेतलं, आणि ते घेतल्याबरोबर त्याला इतकं मोकळं वाटलं की दारातली माशी, आण्णा, सगळं धुऊन गेलं. त्यानं खांदा पुढं टाकला. कोपर बांधलं. श्वास पोटातून नव्हे, जिथून मिळेल तिथून ओढला आणि असेल नसेल तेवढा जोर त्या दोन तळव्यांवर घातला. मानेच्या शिरा ताणल्या. कानात हलगी वाजू लागली. दात दातावर बसले.

“हं,” बाई म्हणाल्या, “करा सुरुवात.”

तो ढकलत होता. सगळ्या बळानं ढकलत होता, आणि समोर बाई वाट बघत बसल्या होत्या. त्यांचे तळवे हलले नव्हते. डावा हात तर कोपरातून हळूहळू दुमडत चालला होता आणि तो बाईंनीच खालून सावरून धरला होता, त्याला ते कळलंही नव्हतं. “केली,” तो म्हणाला. बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मानेकडे. पुष्कळ सोंगं पाहिलेली बाई होती. मानेच्या शिरांचं सोंग करता येत नाही हे तिला माहीत असणार. त्यांनी मागं टेकवलेला पाय सोडला. लिहून घेणाऱ्याला त्या काहीतरी आकडे सांगत राहिल्या, पुन्हा पुन्हा हात उचलून, सोडून, सुईनं टोचून बघत राहिल्या. टोच कुठून कळेनाशी होते ती जागा गेल्या वेळेपेक्षा वर आली होती. शेवटी त्या खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, “हे खेळापुरतं नाही सांगत. मानेचा एमआरआय करून घ्या. या आठवड्यातच. घरी कोण असतं तुमच्या?” “बहीण.” “त्यांना बोलवू?” “नगं,” सम्राट म्हणाला. “बाहेर सांगू नगासा.” “ते तुमचं तुम्हीच सांगायचं असतं,” त्या म्हणाल्या. “अंक अर्धा देतेय मी.” अर्ध्याच्या खाली अंक नसतो.

दार उघडलं तेव्हा उदयसिंह दारातच होता. लिहून घेणाऱ्यानं अर्धा म्हटलं आणि त्यानं आरोळी ठोकली. “अर्धा! आरं भावा, एक मागितला हुता, ह्यानं अर्धा आणला! नाद खुळा!” पोरं खुर्च्यांवर थापा मारू लागली. अर्ध्याचा माणूस, आणि तोही सम्राट; आता बेरीज कशीही मांडा, बसतेय. “काय नुरा केलास लका,” उदयसिंह त्याच्या गळ्यात पडत म्हणाला, “जरासुदीक जोर लावला न्हाईस न्हवं?” क्रांती भिंतीला टेकून उभी होती, तिचे डोळे भरले होते, आनंदानं. सम्राट तिच्याकडे बघेना.

वस्ताद उठले. काठी टेकत गर्दीतून पुढं आले तसा आवाज आपोआप खाली बसला. ते सम्राटच्या समोर उभे राहिले. “हिकडं बघ,” ते म्हणाले. त्यानं बघितलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आशा होती. तेच सहन होईना. “ह्यांचं ऱ्हाऊ दे. तू सांग. जोर लावलावतास का न्हाय?” लावलावता, वस्ताद, सगळा लावलावता. एवढं म्हणायचं होतं. म्हातारा तिथल्या तिथं त्याला मिठी मारणार होता, मानेवर पुन्हा तो हात येणार होता. आणि मग उदयसिंहचं हसू थांबणार होतं, कारण त्यालाही मणका मोडल्यापासून आण्णांसारखी माणसं भेटलेली होती. मग क्रांती भिंतीपासून सुटी होणार होती, तिला कळणार होतं, आणि त्यानंतर घरात, ह्या हॉलमध्ये, कुणीही पुन्हा कधी त्याला धडक देणार नव्हतं.

“न्हाय, वस्ताद,” सम्राट म्हणाला.

“नुरा केलास?”

“व्हय.”

वस्तादांनी मान हलवली, एखादा पत्ता सांगितल्यावर माणूस हलवतो तशी. नारळाची कुणीतरी त्यांना आठवण केली, ते “तुमीच फोडा” म्हणाले आणि बाहेरच्या पायऱ्यांकडे वळले. पायऱ्या उतरायला त्यांना फार वेळ लागत होता. काठी, मग एक पाय, मग दुसरा. उदयसिंह म्हणाला, “म्हातारी माणसं, त्यास्नी ह्यातलं काय कळणार,” आणि सगळे पुन्हा बोलू लागले. पहिला सामना त्यांचाच होता. क्रांतीनं त्याला खेळाच्या खुर्चीत घातलं, पोटाचा पट्टा आवळला, हातमोजे चढवले. शिट्टी वाजली. मैदानाच्या रेघेपर्यंत प्रत्येकानं आपापली खुर्ची आपण रेटत न्यायची असते. सम्राटचे तळवे चाकांवर होते. क्रांतीनं एकदा त्या तळव्यांकडे पाहिलं, एकदा न हलणाऱ्या चाकांकडे, आणि काही न विचारता मागं जाऊन खुर्चीला हात घातला. ती त्याला हळूहळू रेघेकडे ढकलू लागली. त्यानं तिला थांब म्हटलं नाही.